पाहुणचार

मेलेल्या माणसाला मारायचं कसं, हे मला आमच्या हॉस्पिटलनं शिकवलं. पगार देऊन शिकवलं.

दचकू नका. मी कुंदा गवंडी, हायवेवरच्या एका तालुक्याच्या गावात कॅज्युअल्टीची इन्चार्ज सिस्टर. आमच्याकडे रक्ताच्या पिशव्या आता ड्रोननं येतात, गच्चीवर टपकन उतरतात, आणि त्या खाली आणायला जिन्यानं धावावं लागतं, कारण लिफ्ट अजून बंदच आहे. तर अशा या पुढारलेल्या हॉस्पिटलात एक जुनी रीत होती. पेशंट हाताबाहेर गेलेला असायचा, डॉक्टरांना कळलेलं असायचं, मला कळलेलं असायचं, पण दाराच्या काचेला नाकं लावून पन्नास नातेवाईक उभे. मग डॉक्टर हळूच म्हणायचे, "सिस्टर, पाहुणचार द्या." म्हणजे छातीवर चढायचं आणि दाबत राहायचं. फुग्यानं हवा द्यायची, एखादी रिकामी सुई टोचायची. शेवटी डॉक्टरांनी कपाळ पुसत बाहेर जायचं आणि "खूप प्रयत्न केले" म्हणायचं. लोक शब्द ऐकत नाहीत, घाम बघतात. घाम दिसला नाही की खुर्च्या उडतात.

आमचे हे, मुरलीधर गवंडी, याच कॅज्युअल्टीत ब्रदर होते. त्यांना पाहुणचार आवडायचा नाही. सरळ माणूस, नको तितका सरळ. वाळूवाल्या आप्पा खोचरेंचा पुतण्या मोटरसायकलवरून पडून आला, मान तुटलेली, अंग गार. यांनी हात लावून बघितलं आणि म्हणाले, "गेलाय हो. आता याला छळू नका." झालं. आप्पांनी ऑक्सिजन सिलिंडरचा लोखंडी पाना उचलला आणि यांच्या उजव्या कोपरावर घातला. पुन्हा घातला. मी ड्रेसिंगच्या ट्रॉलीमागून ओरडत होते आणि आप्पांच्या टोळीतली पोरं मला धरून होती. कोपराचा भुगा झाला. केस उभी राहिली आणि बसली, साक्षीदारांना एकाएकी विसरायचा आजार झाला. आमचे हे आता घरी असतात. डाव्या हातानं जेवतात. रात्रंदिवस टीव्हीसमोर बसतात आणि टीव्ही बघत नाहीत.

त्यानंतर व्यवस्थापनानं पाहुणचार सक्तीचा केला. माझ्या नवऱ्याच्या हाडांवर नियम उभा राहिला, आणि तो मीच पाळायचा.

मग टिकली आली.

कंपनीनं तिला काहीतरी लांबलचक नाव दिलंय, पण पेशंटच्या कपाळावर चिकटवायची म्हणून आम्ही टिकलीच म्हणतो. सरकारनं ती प्रत्येक अत्यवस्थ पेशंटला सक्तीची केली. तिचं शास्त्र मला नव्या डॉक्टरांनी, निनाद बिराजदारांनी, चहा पिता पिता समजावलं. माणूस एकदम मरत नाही. हृदय थांबतं, मेंदूला रक्त मिळेनासं होतं, वरचा थर पटकन गप्प होतो. जुनी यंत्रं तेवढाच थर ऐकायची आणि गेला म्हणून सांगायची. आतले थर मात्र बराच वेळ धुगधुगत असतात. टिकली कवटीतून डोळ्याला न दिसणारा प्रकाश आत सोडते. चालू असलेली पेशी किंचित फुगते, प्राणवायू ओढते, तिच्यावरून परतणारा प्रकाश बदलतो. कुठला बदल दुखण्याचा आणि कुठला ऐकण्याचा, हे यंत्राला हजारो जाग्या आणि भूल दिलेल्या माणसांवरून शिकवलेलं. दुखलं की पडद्यावर लाल रेघ चढते, कानावर शब्द पडून आत पोचला की निळी. आणि खाली एक पांढरा ठिपका असतो. परतीची वाट असेल तोवर तो असतो, संपली की जातो.

"आणि सिस्टर, खरी मेख पुढं आहे," डॉक्टर म्हणाले. त्यांचा चहा गार झाला होता. "आपण छाती दाबतो तेव्हा थोडं रक्त मेंदूत चढतं. जगायला पुरत नाही, पण जागं व्हायला पुरतं."

"म्हणजे?"

"म्हणजे पांढरा ठिपका गेल्यावरही आपण पाहुणचार देतो ना, तेव्हा आपण त्याला जागं करतो आणि जागं करून मारतो."

मला वाटलं, आता तरी हे बंद होईल. कसलं काय! पहिल्याच महिन्यात एका म्हातारीच्या लेकीनं ती लाल रेघ बघितली आणि गळा काढला, "माझ्या आईला मारतायत!" मग तिकडून दगड आले. दाबलं नाही तरी मार, दाबलं तरी मार. व्यवस्थापनाची मीटिंग झाली. एवढे शिकलेले लोक बसले आणि तोडगा काय काढला? पडद्यावर टॉवेल टाकायचा. पाहुणचार चालू, पडदा झाकलेला. हिरवा टॉवेल, ऑपरेशन थिएटरमधला, धुतलेला. स्वच्छतेत आम्ही कुणाला ऐकत नाही.

एक सांगते, गैरसमज नको. ज्याचा पांढरा ठिपका आहे त्याच्या बरगड्या मोडल्या तरी मी दाबेन. बरगड्या जुळतात. मी कितीतरी माणसं अशी ओढून परत आणलीत आणि त्यांतली काही अजून मला बाजारात गाठून पेढे देतात. माझं भांडण त्या टॉवेलाशी होतं. पण मीच तो रोज टाकत होते.

त्या दिवशी भर दुपारी दोन गाड्या दारावरच आपटल्या. ब्रेकचा आवाज नाही, सरळ आपटल्याच. दहा-बारा पोरं एका माणसाला चादरीत घालून आत आली. चादरीतून रक्त ठिबकत होतं आणि पोरांच्या हातात कोयते होते, लपवायचंही सुचलं नव्हतं. नदीवर वाळूवरून दुसऱ्या टोळीशी भांडण झालं होतं, आणि त्यांच्या टिपरनं मागं येऊन या माणसाची छाती चिरडली होती. टेबलावर टाकल्यावर मी तोंडावरचा चिखल पुसला.

आप्पा खोचरे.

माझे हात थांबले. खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा मनात आलं ते हेच, की देव आहे.

"सिस्टर, लाइन!" डॉक्टर ओरडले. आम्ही कामाला लागलो. दोन्ही हातांना सुया, रक्ताच्या पिशव्या दाबून चढवायला घेतल्या, एका बाजूनं घालत होतो आणि दुसऱ्या बाजूनं पोटात सांडत होतं. सोनोग्राफीत यकृताच्या चिंधड्या दिसल्या. हृदय दोन-चार वेळा अडखळलं आणि थांबलं. मी कपाळावर टिकली चिकटवली. पांढरा ठिपका होता, म्हणून आम्ही जीव तोडून दाबलं, शॉक दिले, पुन्हा दाबलं. मग तो ठिपका फिका झाला आणि गेला. डॉक्टर तरुण होते, पण कच्चे नव्हते. मोठ्या हॉस्पिटलातल्या सर्जनांना व्हिडिओवरून सगळं दाखवलं, त्यांनीही मान हलवली.

"थांबा सिस्टर," डॉक्टर म्हणाले. "संपलं."

दार लाथेनं उघडलं. आप्पांचा उजवा हात समजला जाणारा लाला आत आला. मानेवर ताजी जखम, डोळे तांबारलेले. "काय संपलं? भैया येतोय. आप्पांचा पोरगा. त्याच्या हातचं पाणी तोंडात पडल्याशिवाय आप्पा जाणार नाहीत. दाबत राहायचं."

"हे बघा, आता त्यांना काही उपयोग..."

लालानं डॉक्टरांची कॉलर धरली आणि त्यांना दारातून बाहेर भिरकावलं. बाहेर पोरं होतीच. पहिला फटका मी ऐकला, नंतर काच फुटली. डॉक्टर पडल्या पडल्या ओरडत होते, "त्याला दुखतंय! ऐका माझं, त्याला दुखतंय!" त्या खुळ्या पोराला मार खातानाही खरंच बोलायचं होतं, अगदी आमच्या ह्यांच्यासारखं. मग त्यांचा आवाज चेपला गेला.

"तू दाब," लाला मला म्हणाला. कोयत्याचं टोक त्यानं टेबलाच्या कडेला टेकवलं. "भैया यायच्या आत आप्पा गेले तर तुला पण पाठवीन बरोबर."

मी टॉवेल पडद्यावर टाकला. माझ्या बाजूनं एक कोपरा उचललेला ठेवला, मला दिसेल एवढा. आणि दाबायला घेतलं.

त्या छातीत आता मोडायला फारसं काही उरलं नव्हतं. हाताखाली सगळं करकरत होतं, चालताना चपलेखाली बांगड्यांचे तुकडे यावेत तसं. प्रत्येक दाबाला लाल रेघ उसळत होती. वरच्या कडेला लागत होती.

मला बरं वाटलं.

आता बोललेच आहे तर पूर्ण बोलते. मला नुसतं बरं नाही वाटलं, गोड वाटलं. दोन वर्षं मी या माणसाला मनात रोज मारत होते, भाकरी थापताना, नवऱ्याच्या शर्टाची बटणं लावताना. आणि आज त्याची स्वतःची माणसं कोयता लावून मला सांगत होती की मार, थांबू नकोस. कायदा माझ्या बाजूला, नियम माझ्या बाजूला, हॉस्पिटल माझ्या बाजूला. असा योग कुणाच्या पत्रिकेत असतो? मी नीट, खोल, मापात दाबत होते. कोपर ताठ, खांदे सरळ, शिकवल्याबरहुकूम.

मग मी वाकले. लालाला वाटलं श्वास बघतेय. मी आप्पांच्या कानाशी तोंड नेलं.

"आप्पा, ओळखलं का? मी मुरलीधर गवंडीची बायको. ज्याचा हात मोडलात त्याची."

निळी रेघ सरळ उभी राहिली.

शब्द पोचला होता! मी पुन्हा दाबलं, लाल उसळली. पुन्हा वाकले. "दुखतंय? दुखू दे. ह्यांना पण दुखलं होतं. तुमच्या पिंडाला कावळा शिवणार नाही आप्पा, मी सांगते." निळी हलली, थरथरली. तो माणूस ओरडू शकत नव्हता, बोट हलवू शकत नव्हता, आणि मला त्याच्या आतलं सगळं दिसत होतं. मला हसू आलं. मास्क होता म्हणून लालाला दिसलं नाही.

दार सरकलं. डॉक्टर भिंतीला धरून आत आले. भुवई फाटलेली, एक डोळा मिटलेला, ओठ सुजून कलिंगडाच्या फाकेएवढा. पोरांनी त्यांना सोडलं होतं की कंटाळली होती, कोण जाणे. ते माझ्या बाजूनं आले आणि टॉवेलाच्या उचललेल्या कोपऱ्यातून त्यांनी पडदा बघितला. मग माझ्याकडे बघितलं.

"सिस्टर," ते अगदी हळू म्हणाले, "निळी का चढतेय? काय सांगताय त्याला?"

"धीर देतेय."

"धीर दिला की लाल खाली येते. मी शेकडो वेळा बघितलंय. तुमची वर चाललीय."

मी दाबत राहिले. डॉक्टरांना आमच्या ह्यांचं माहीत होतं, गावात कुणाला माहीत नाही? त्यांनी एका हातानं कसंबसं भुलीचं इंजेक्शन भरलं आणि ट्रेमध्ये माझ्या हाताशी ठेवलं. "यानं लाल जाईल. निळीही जाईल, दोन्ही एकाच औषधानं जातात. मी दिलं तर लाला माझा जीव घेईल, त्याची मला आता फारशी पर्वा उरली नाही. पण औषध मेंदूत पोचायला दाबावं लागतं, आणि माझं मनगट मोडलंय. तुम्हीच दाबताय. तेव्हा तुमच्याशिवाय होणार नाही."

"भैया येतोय," मी म्हणाले. "पोराला बोलायचं असेल बापाशी. भूल दिली तर ऐकू कसं जाणार?"

कारण किती चांगलं होतं बघा! मला दाबत राहायचं होतं आणि तोंडात शब्द मात्र लेकराच्या मायेचे. चोराला अमावस्या मिळावी तसं झालं.

बाहेर गलका झाला. भैया आला. मला वाटलं होतं, कुणी राक्षस येईल. आला तो तिशीच्या आतबाहेरचा, पांढरा शर्ट, घामानं पाठीला चिकटलेला. पायात एकच चप्पल, पळताना दुसरी कुठंतरी गेली असावी. बापाकडे बघून त्याचा चेहरा लहान पोरासारखा झाला, क्षणभरच. मग त्यानं खिशातून फोन काढला.

मी म्हटलं, "भांड्यात पाणी ठेवलंय. तुमच्या हातचं..."

"पाणी नंतर. ऐकू येतं ना यांना? त्या डबड्यात कळतं म्हणे." त्यानं टॉवेल ओढून फेकला. लाल, निळी, दोन्ही रेघा उघड्या पडल्या. "कुठली ऐकायची?"

"निळी," डॉक्टर म्हणाले. "आणि लाल दुखण्याची. बघा किती आहे ती. तुमच्या वडिलांना प्रत्येक दाब..."

"गप ए!" भैयानं फोन बापाच्या कानाशी धरला आणि स्पीकर लावला.

फोनमधून एक माणूस किंचाळत होता.

"आप्पा, हा ऐका! टिपरचा ड्रायव्हर. धरलाय आपल्या पोरांनी. तुमच्या छातीवरून गाडी घातली ना यानं? ऐका कसा रडतोय." फोनमध्ये म्हणाला, "हाणा अजून! पायावर हाणा, मोठ्यानं ओरडायला पाहिजे, आप्पांना ऐकू गेलं पाहिजे!" मग माझ्याकडे, "तू थांबलीस का? दाब! ऐकू द्या त्यांना!"

फटका पडला. फोनमधला माणूस "आई गं" म्हणाला, आणि मग त्याला शब्दच फुटेनात, नुसता आवाज. "नवीन होतो साहेब, रिव्हर्स लागला चुकून, लेकराची शपथ..." पुन्हा फटका.

माझे हात चालू होते. माझी नजर पडद्यावर होती. लाल रेघ माझ्या दाबाबरोबर वर जात होती, खाली येत होती. आता ती खाली येईना. मी हात उचलले, घाबरून उचलले, तरी ती वरच. त्या किंकाळीला लागून ती वर राहिली. मला नाही सांगता येणार आप्पांच्या आत काय चाललं होतं. पोराचा राग लागत होता, की ड्रायव्हरचं रडणं, की पुतण्या आठवला, यंत्र तेवढं सांगत नाही. पण बरं वाटत नव्हतं एवढं नक्की. मरणाऱ्या माणसाला धरून ठेवून कानात विष ओतायचं, आणि म्हणायचं, तुझ्यासाठीच करतोय.

मला मी दिसले. भैयाच्या जागी मीच वाकलेली. तो तरी बापाच्या मायेनं पिसाळला होता. मी कशानं?

"हिला सांग रे लाला!" भैया ओरडला. निळी रेघ उतरायला लागली होती, मी दाबत नव्हते ना. लालानं कोयता उचलला.

"घाल," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. "घाल मानेवर, आणि मग तू चढ छातीवर. येतं का तुला? भैया, हात आणा इकडं." मी त्याचा फोन नसलेला हात खसकन ओढला आणि त्याच्या बापाच्या छातीवर दाबला. माझे दोन्ही हात त्याच्या हातावर, सगळं वजन टाकून. खाली काहीतरी कटकन तुटलं. त्याच्या तळव्याला ते कळलं. समोर लाल रेघ कडेला जाऊन आपटली.

"हे तुम्ही केलंत आत्ता. बघितलंत? आमच्यासारखंच येतं तुम्हाला."

त्यानं तव्यावरून काढावा तसा हात काढला. हाताकडे बघत राहिला. फोनमधून विचारत होते, "भैया, अजून हाणू का? भैया?"

"डॉक्टर खोटं बोलत नव्हते," मी म्हणाले. "तुमचे वडील वाचणार नाहीत. दाबलं की जागे होतात, जागे झाले की हे असं दुखतं. या इंजेक्शननं दुखणं थांबेल. ऐकणंही थांबेल. मी देतेय. बोलायचं असेल तर आत्ता बोला, हा फोन बंद करून. आणि पाणी घाला."

मी त्याची परवानगी मागितली नाही. सुई लाइनमध्ये घातली आणि दट्ट्या दाबला. लाला पुढं आला. भैयानं त्याला अडवलं का? नाही. भैया नुसता उभा होता, म्हणून लालाला काय करावं कळेना. कोयता हातात लोंबत राहिला.

औषध पोचवायला पुन्हा दाबायचं होतं. मी हात ठेवले. या वेळी मला रडू येत होतं आणि मोजणी चुकत होती. वाकून कानात म्हणाले, "आप्पा, आता दुखणार नाही. झालं. थोडंच राहिलं." सगळ्यांना म्हणते तेच. त्या माणसासाठी वेगळं काही नव्हतं माझ्याकडे, आणि त्याच्यासाठी तेवढंही का असावं, असं अजून मला वाटतं. दाबत होते आणि लाल रेघ उतरत होती. प्रत्येक दाबाला थोडी, थोडी. भैया तोंड उघडत होता, मिटत होता. शिव्या त्याला ढिगानं येत असतील. अशा वेळी लागतात ते शब्द त्याला कुणी शिकवलेच नव्हते. शेवटी त्यानं भांड्यात बोटं बुडवली आणि बापाच्या ओठांवर टेकवली. "आप्पा," एवढंच म्हणाला. निळी एकदा किंचित उचलली आणि खाली गेली. मग दोन्ही रेघा सरळ झाल्या.

मी हात काढले. डॉक्टरांनी वेळ सांगितली.

भैया मटकन खाली बसला. मग म्हणाला, "फोनवरचं... ते ऐकलं त्यांनी?"

"ऐकलं."

"आणि मी आप्पा म्हणालो ते?"

"ते पण ऐकलं. सगळ्यात शेवटी तेच."

तो ढसाढसा रडायला लागला. मी त्याचा फोन उचलला, तो अजून चालूच होता. "ए, कोण आहे तिकडं? आप्पा गेले. आता कुणाला ऐकवायला मारताय? त्या ड्रायव्हरला गाडीत घाला आणि इकडं आणा, जिवंत आहे तोवर आणा. मेला तर तुमचा भैया आत जाईल, आणि सोडवायला आप्पा नाहीत." हे मात्र त्यांच्या डोक्यात बरोबर शिरलं. ड्रायव्हर आला, दोन्ही पायांची वाट लागलेली, पण पांढरा ठिपका चांगला ठसठशीत. त्याचा जीव आम्ही धरून ठेवला. पोलीस आले, पंचनामा झाला. डॉक्टरांच्या भुवईला टाके मी घातले. ते एवढंच म्हणाले, "सिस्टर, उद्यापासून टॉवेल टाकायचा नाही." मी म्हणाले, "टॉवेल मी भैयाच्या रक्ताळलेल्या गाडीत फेकलाय, सर." आम्ही दोघंही हसलो, आणि त्यांचा ओठ पुन्हा फाटला.

घरी गेले तेव्हा दिवेलागण होत होती. आमचे हे टीव्हीसमोरच. बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती, गावात बातमीला पाय लागतात. मी हातपाय धुतले, पिठलं टाकलं, दोघांची ताटं घेतली. त्यांनी टीव्ही बंद केला. दोन वर्षांत पहिल्यांदा.

"तुझ्याच हातात होता म्हणे."

"हो."

"पांढरा गेल्यावर पण दाबलंस?"

"दाबलं."

ते पुढं सरकले. त्यांचे डोळे चमकत होते. लग्नाआधी मला बघायला आले होते तेव्हाही इतके चमकले नसतील. "दुखलं का त्याला?"

"दुखलं. कडेपर्यंत जात होती रेघ."

"आणि?"

"तुमचं नाव सांगितलं कानात. पोचलं त्याला."

त्यांनी डोळे मिटले. चेहऱ्यावर असं सुख पसरलं की मला ते बघवेना. माझा नवरा, पाहुणचार द्यायचा नाही म्हणून साहेबांशी भांडणारा माणूस. "मग? मग काय केलंस?"

"मग भूल दिली."

त्यांचे डोळे उघडले. "का?"

मी त्यांच्या ताटात पिठलं वाढलं.

"का दिलीस?" डाव्या हातानं त्यांनी ताट भिंतीवर भिरकावलं. पिठलं भिंतीवरून ओघळलं. "पोरगा अजून बोलायचा होता म्हणे! वेळ होता! मला भूल दिली होती का कुणी? मी शुद्धीत होतो कुंदा, प्रत्येक फटक्याला! तुझ्या हातात होता तो, आणि तू थांबलीस? का थांबलीस?"

अशा वेळी बोलायला चांगली वाक्यं असतात. आपण नर्स आहोत, आपला धर्म आहे. मला ती सगळी येतात, शपथविधीला पाठ केली होती. पण या माणसाशी मी कधी खोटं बोलले नव्हते, आणि तो डोळ्यांत डोळे घालून विचारत होता.

"मला मजा यायला लागली होती हो," मी म्हणाले. "म्हणून थांबले."

ते तसेच बघत राहिले. आधी माझ्या तोंडाकडे, मग माझ्या हातांकडे. त्यांचा डावा हात हवेत उगारलेला होता, तो कुठं ठेवावा ते त्यांना कळेना. मी उठले नाही. माझं ताट आमच्या दोघांच्या मधे सरकवलं, भाकरी मोडली आणि अर्धी त्यांच्यापुढं ठेवली. बऱ्याच वेळानं त्यांनी हात खाली आणला आणि भाकरीचा तुकडा उचलला, पण तोंडात घातला नाही.